‘येतो’ म्हणून जाणे : परदेशस्थांची सुट्टीतील घरभेट आणि मराठी साहित्य

१

मराठीत निरोप घेताना माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. दाराबाहेर पडणाऱ्याने आपल्या जाण्याचा उच्चार टाळून येण्याचा उच्चार करावा, हा संकेत मराठी भाषकाच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही विशेष आहे असे सहसा कोणास वाटत नाही. ‘जातो’ या शब्दास चिकटलेला अशुभाचा स्पर्श टाळण्यासाठी ही योजना झाली, एवढे स्पष्टीकरण पुरेसे मानले जाते. तथापि या प्रयोगाचा अर्थ तेवढ्याने संपत नाही. ‘येणे’ या क्रियापदात बोलणारा किंवा ऐकणारा जेथे आहे त्या स्थळाकडे होणारी गती सूचित असते. निरोप घेणारा ‘येतो’ म्हणतो तेव्हा उंबऱ्याच्या आतील जागा हेच आपल्या हालचालीचे केंद्र आहे, असे तो सांगत असतो. बाहेर जाणे हा त्याच्या लेखी परत येण्याचाच पूर्वार्ध असतो. ‘जाऊन येतो’ हे या प्रयोगाचे पूर्ण रूप होय.

परदेशी स्थायिक झालेला मनुष्य सुट्टीत घरी येतो, तीन आठवडे राहतो आणि निघताना उंबऱ्यावर ‘येतो’ असेच म्हणतो. या वेळी त्याच्या खिशात परतीचे तिकीट असते. आणि ते तिकीट परत येण्याचे नसून परत जाण्याचे असते. म्हणजे ‘परत’ या शब्दाचे तोंड आता दुसऱ्या दिशेस वळलेले आहे. ‘येतो’ या शब्दाचे तोंड मात्र अद्याप घराकडेच आहे. एकाच माणसाच्या एकाच वाक्यव्यवहारात ही दोन केंद्रे एकत्र नांदतात. मराठी साहित्याने या स्थितीचे काय केले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उत्तर प्रथमच सांगावयाचे तर, आपल्या श्रेष्ठ लेखकांनी परदेशस्थाच्या न येण्याविषयी आणि मृत्यूच्या निमित्ताने येण्याविषयी लिहिले आहे. सुट्टीत येण्याविषयी, म्हणजे जे सर्वांत अधिक घडते त्याविषयी, फारच थोडे लिहिले आहे. आणि त्यासाठी लागणारी भाषा मराठीत नव्हती असे मात्र नाही. ती होती; पण आपण ती दुसऱ्या कप्प्यात ठेवून दिली होती.

२

हा विचार प्रस्तुत लेखकाच्या मनात प्रथम केज येथे आला. केज हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, मांजरसुंब्याहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले. लेखकाचे घर तेथे आहे आणि त्याचा धाकटा भाऊ अनेक वर्षे अमेरिकेत आहे. पुढील निरीक्षणे एका घरातील आहेत, याची लेखकास जाणीव आहे. परंतु बोलीच्या अभ्यासास एका घराचे बोलणेही काही सांगू शकते.

‘परदेश’ ही कल्पना केजला नवी नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि बार्शी मात्र इंग्रजी अमलातील सोलापूर जिल्ह्यात होती. बार्शीच्या बाजारास जाणारा इकडचा शेतकरी एक सरहद्द ओलांडीत असे. या बाजूस हाली सिक्का चाले, त्या बाजूस कलदार रुपया. मध्ये करोडगिरीचा नाका असे. या बाजूस ‘मोगलाई’ म्हणत. तेव्हा बैलगाडीने गाठता येणारे दुसरे राज्य ही येथील जुन्या पिढीच्या अनुभवातील गोष्ट होती. मग परदेशाचे अंतर वाढले यात नवल नाही. नवल हे की ते अंतर वाढले तरी त्याविषयी बोलण्याची रीत फारशी बदलली नाही. लेखकाची आई अमेरिकेचे नाव घेत नाही. ती ‘तिकडं’ म्हणते. जुन्या काळी पतीचे नाव घ्यावयाचे नसे तेव्हा बायका ‘इकडून’ आणि ‘तिकडून’ अशी दिशावाचक रूपे वापरीत, त्याची येथे आठवण होते. ज्याचे नाव घेणे जड जाते त्यास दिशा पुरते.

आज केजच्या रस्त्याने दोन प्रकारची माणसे वर्षातून एकदा ये-जा करताना दिसतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. भांडीकुंडी, सरपण आणि लहान मुले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात. गाळप संपले की उन्हाळ्याच्या तोंडी ही माणसे परततात. दुसरा प्रकार परदेशी नोकरीस गेलेल्यांचा. हे लोक दिवाळीस येत नाहीत, कारण तिकडच्या शाळांस सुट्टी नाताळात असते. ते डिसेंबरच्या अखेरीस येतात. तोवर घरातील फराळ संपून महिना उलटलेला असतो, म्हणून केवळ त्यांच्यासाठी करंज्या आणि चकल्या पुन्हा केल्या जातात. आमच्या घरी तिला ‘दुसरी दिवाळी’ म्हणतात. क्वचित योग असा येतो की याच दिवसांत मार्गशीर्षातील वेळ अमावास्या पडते. लातूर, धाराशिव आणि त्यांना लागून असलेल्या भागात ‘येळवस’ या नावाने ती शेतात साजरी होते, आणि दिवाळी हुकलेल्या पाहुण्यास तिकडच्या सोयऱ्यांच्या शेतातील भज्जी आणि आंबील तरी मिळते.

या दोन प्रकारांपैकी ‘सुट्टी’ हा शब्द एकालाच लागू पडतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘सुट्टी’ हा ‘सुटणे’ या धातूपासून झालेला शब्द. त्यात मोकळे होण्याचा भाव आहे. ‘रजा’ हा मूळचा अरबी शब्द. त्यात दुसऱ्याच्या संमतीचा भाव आहे. परदेशस्थ ज्या दिवसांस सुट्टी म्हणतो ते दिवस वस्तुतः मालकाने मंजूर केलेली रजा असतात, आणि तिचा शेवटचा दिवस तो येण्यापूर्वीच सर्वांस ठाऊक असतो. म्हणून गावात त्यास भेटणारा प्रत्येक मनुष्य दोन प्रश्न एका श्वासात विचारतो : ‘कवा आलास?’ आणि ‘कवा जाणार?’ दुसऱ्या प्रश्नात अनास्था नसते. पाहुण्याचे गणित विचारणाऱ्यासही ठाऊक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

३

आता सर्वनामांकडे वळू. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा जो भेद आहे तो विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा वगळलेला असतो, ‘आपण’मध्ये तो धरलेला असतो. प्रमाण हिंदीत हा भेद अशा रूपाने नाही. गुजरातीत आहे आणि तेलुगूतही आहे. या भेदामुळे मराठी भाषकास दर वाक्यागणिक एक निवड करावी लागते : समोरच्यास आपल्या वर्तुळात घ्यावयाचे की बाहेर ठेवावयाचे. ही निवड तो विचार करून करीत नाही, आणि म्हणूनच ती विश्वसनीय साक्ष ठरते.

भावाच्या पहिल्या काही भेटींत ‘आपल्याकडे’ म्हणजे केजमध्ये, आमच्या घरात, असा अर्थ होता. ‘आपल्याकडे पाणी आलं का?’ असे तो नळाकडे पाहून विचारी. पुढे ‘आपल्याकडे’ हा शब्द पसरत गेला आणि त्याचा अर्थ ‘भारतात’ असा झाला. ‘आपल्याकडे वेळेची किंमत नाही’, ‘आपल्याकडे रांग कोणी लावत नाही’ अशा वाक्यांत तो येऊ लागला. येथे रूप समावेशक आहे. पण दोषाचा वाटा बोलणारा स्वतःकडे घेत आहे असे ऐकणाऱ्यास वाटत नाही. नंतरच्या एका भेटीत ‘आमच्याकडे’ हा शब्द आला, आणि त्याचा अर्थ न्यू जर्सीतील घर असा होता. त्याच्या जोडीने ‘तुमच्याकडे’ येणे क्रमप्राप्तच होते. ‘तुमच्याकडे आता वीज जात नाही वाटतं फारशी,’ असे तो आईस म्हणाला. बोलण्यात कौतुकच होते. आई क्षणभर थांबली आणि ‘न्हाई जात,’ एवढेच म्हणाली.

याहून सूक्ष्म बदल ‘घरी’ या शब्दात झाला. निघण्याच्या आदल्या रात्री सामान बांधताना तो म्हणाला, ‘घरी पोचलो की फोन करतो.’ हे वाक्य तो घरात उभा राहून बोलला होता.

उलट दिशेचा पुरावाही नोंदविला पाहिजे, नाही तर चित्र एकांगी होईल. ‘येत आहे’ या अर्थी मराठवाड्यात ‘यायलोय’, ‘यायलास’ अशी रूपे आहेत. केजमधील आमच्या घरची शाळकरी मुले आता ‘येतोय’ म्हणतात. शाळा, दूरदर्शन आणि मोबाईल यांचा तो परिणाम आहे. भाऊ मात्र आजही फोनवर ‘मी यायलोय’ असेच म्हणतो. ज्या वर्षी तो गेला त्या वर्षाची बोली त्याच्यापाशी तशीच राहिली आहे. स्थलांतरितांच्या बोलीत जुनी रूपे टिकून राहतात, ही भाषाशास्त्रास परिचित असलेली घटना आहे. सर्वनामांत दुरावलेला हा मनुष्य क्रियापदांत गावाशी आम्हा सर्वांपेक्षा अधिक एकनिष्ठ आहे. त्याच्या घरभेटीचे वर्णन करू पाहणाऱ्या लेखकास या दोन्ही गोष्टींचा मेळ घालता आला पाहिजे.

४

तो मेळ आपल्या साहित्यात कितपत घातला गेला आहे? तीन महत्त्वाच्या कृतींचा येथे विचार करतो.

जयवंत दळवी यांचे ‘संध्याछाया’ हे नाटक १९७३ साली रंगभूमीवर आले. अमेरिकेने आपल्या स्थलांतराच्या कायद्यात बदल करून भारतीयांस दार उघडले ते १९६५ साली. म्हणजे या घटनेची पहिली फळे येऊ लागताच मराठी नाटकाने तिची दखल घेतली, हे त्याच्या जागरूकतेचे लक्षण होय. नाना आणि नानी या वृद्ध दांपत्याचा एक मुलगा अमेरिकेत राहतो, दुसरा वायुदलात आहे. थोरल्याची वाट पाहण्यात आणि धाकट्याच्या मृत्यूचा घाव सोसण्यात त्यांचे दिवस जातात, आणि अखेर ते दोघे स्वतःच्या हाताने आयुष्य संपवितात. नाटकाचे सामर्थ्य वाट पाहण्याच्या चित्रणात आहे. रिकाम्या घरातील वेळ रंगमंचावर दिसावा, ही अवघड गोष्ट दळवींनी साधली. परंतु या नाटकातील परदेशस्थ मुलगा आपणांस भेटत नाही. त्याची घरभेट हा नाटकाचा अभाव आहे, आणि त्या अभावावरच नाटक उभे आहे. परिणामी प्रेक्षकापुढे एकच प्रश्न उरतो : तो का आला नाही? हा प्रश्न न्यायालयातील आहे. त्यास उत्तर देणारा उपस्थित नसल्यामुळे निकाल एकतर्फी लागतो.

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ने (१९८५) या प्रश्नास अधिक खोली दिली. मुंबईत राहणारा सुधीर पत्नी अंजलीसह धरणगावच्या वाड्यात येतो तो वडिलांच्या मृत्यूनंतर. येथे येणारा उपस्थित आहे, बोलतो आहे, भावाशी व्यवहाराची बोलणी करतो आहे. एलकुंचवार त्यास दोषी ठरवीत नाहीत आणि निर्दोषही ठरवीत नाहीत. वाड्यात मागे राहिलेल्यांची कोंडीही ते तितक्याच स्पष्टपणे दाखवितात. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ यांत हे कथानक पुढच्या पिढीपर्यंत जाते. सुधीरचा मुलगा अभय स्वीडनमध्ये स्थायिक होतो आणि अखेरच्या नाटकात उजाड झालेल्या धरणगावी पराग या चुलतभावास भेटतो. ही नाट्यत्रयी १९९४ साली सलग सादर झाली तेव्हा धरणगाव ते मुंबई आणि धरणगाव ते स्वीडन ही दोन अंतरे एकाच मापाने मोजलेली प्रेक्षकांनी पाहिली. प्रस्तुत लेखकाच्या मते हे या त्रयीचे मोठे श्रेय आहे. परदेशगमन हे गावातून शहरात जाण्याचेच पुढचे पाऊल आहे, ही गोष्ट तिने सिद्ध केली.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) या कादंबरीचा खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावरून मोरगावकडे निघतो तो वडील मृत्युशय्येवर आहेत म्हणून. येथे तर परतीचा प्रवास हीच कादंबरीची चौकट आहे, आणि त्या चौकटीत नेमाडे एका समाजाची सारी स्मृती भरतात. तथापि येथेही येण्याचे कारण मृत्यू हेच आहे.

तीनही कृतींची थोरवी मान्य करून असे म्हणावे लागते की त्यांच्यात घरी येणे हे एकतर घडत नाही, किंवा घडते तेव्हा ते अंतिम हिशेबासाठी घडते. दर वर्षाआड तीन आठवड्यांसाठी येणारा, औषधांच्या गोळ्या आणि चॉकलेटे आणणारा, चौथ्या दिवशी पोट बिघडवून घेणारा, आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख आपल्या रजेत बसवू पाहणारा मनुष्य त्यांच्यात नाही. ज्याच्या मुलांस आजीचे बोलणे निम्मे समजते आणि जो त्या निम्म्याचा दुभाषा होतो, तो मनुष्य त्यांच्यात नाही. अपर्णा वेलणकर यांच्या ‘फॉर हिअर, ऑर टू गो?’ (२००७) या ग्रंथात उत्तर अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसांच्या पिढ्यांचे अनुभव पुष्कळ आले आहेत. परंतु तो ललितकृतीचा प्रांत नव्हे. इंग्रजीत झुंपा लाहिरी यांनी ‘द नेमसेक’ (२००३) या कादंबरीत बंगाली कुटुंबाच्या कलकत्त्यातील मुक्कामास, मुलांच्या अवघडलेपणासह, स्थान दिले. मराठीतील प्रथम श्रेणीच्या कृतींत या मुक्कामास तसे स्थान मिळालेले दिसत नाही.

याचे कारण लेखकांची उदासीनता हे नव्हे. कारण असे की पुत्राचे जाणे ही गोष्ट आपण नैतिक प्रश्न म्हणून हाताळतो. ऋण, कर्तव्य, कृतघ्नता, त्याग हे शब्द तेथे आधी येऊन बसतात. निकाल लागला की खटल्याचे काम संपते. सुट्टीतील घरभेटीत मात्र काहीच निकालात निघत नाही. ती पुढच्या वेळी पुन्हा व्हावयाची असते.

५

एका फोनवरील संभाषणात भावाने या वर्षी येणे जमणार नाही असे सांगितले तेव्हा आई त्यास म्हणाली, ‘लेकीला आणाया मुराळी जातो, तुला आणाया कुणाला धाडू रं?’

ती हे हसून म्हणाली. पण तिच्या वाक्याने एक वर्गीकरण बदलले. मुऱ्हाळी म्हणजे सणासाठी मुलीस सासरहून माहेरी आणावयास जाणारा भाऊ किंवा आप्त. परदेशी गेलेल्या मुलास तिने एका शब्दात माहेरवाशिणीच्या जागी बसविले, आणि ती जागा त्यास बरोबर बसली.

घर कायमचे सोडून जाणे, दुसऱ्या घरी रुजणे आणि सणासुदीस ठरावीक दिवसांसाठी परत येणे, हा अनुभव मराठी समाजातील निम्म्या माणसांनी शतकानुशतके घेतला आहे. नागपंचमी आणि दिवाळी हे त्या येण्याचे दिवस. वाट पाहणे, मुऱ्हाळी येणे, सासूची परवानगी, घाटात माहेरचे शिखर दिसणे, चार दिवसांचे माहेरपण, पाठवणी, आणि पुन्हा वाट पाहणे, अशी या अनुभवाची घडी बसलेली आहे. जात्यावरच्या ओव्यांत, पंचमीच्या आणि हादग्याच्या गाण्यांत तो शब्दबद्ध झाला आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राइरकर यांनी संघटित केलेल्या संकलनात लाखावर ओव्या आहेत. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथील स्त्रियांच्या ओव्याही त्यांत आहेत. घर सोडून गेलेल्या माणसाने घरी येण्याविषयीचे एवढे विपुल साहित्य आपल्यापाशी असताना आपण या विषयावर मराठीत काही नाही असे म्हणतो, कारण ते स्त्रियांचे आहे आणि लोकसाहित्याच्या कप्प्यात आहे.

सर्वनामांची साक्ष येथे निर्णायक ठरते. लग्न होऊन काही वर्षे गेली की मुलगी माहेरी येऊन काय म्हणते? ‘आमच्याकडे असं करत नाहीत.’ हे ‘आमच्याकडे’ सासरचे असते. आई तिला विचारते, ‘तुमच्याकडे पुरण कशाचं करतात?’ यात आईस धक्का बसत नाही. उलट, मुलगी रुळली, नांदती झाली, याची ती खूण मानते. माहेरातून निघताना मुलगी ‘घरी पोचले की कळवते’ म्हणते, तेव्हा ‘हे घर तुझे नव्हे काय?’ असे कोणी विचारीत नाही. भावाच्या बोलण्यात जो बदल आम्हांस बोचला तो रूपाने आणि क्रमाने अगदी हाच आहे. मुलीच्या तोंडी ज्यास आपण नांदणे म्हणतो, त्यासच मुलाच्या तोंडी दुरावणे म्हणतो. भाषेने दोघांत भेद केलेला नाही. भेद आपल्या अपेक्षेत आहे.

आणखी एक गोष्ट. स्त्रीच्या या भाषेत पुरुषाने बोलू नये असा नियम मराठीत कधीच नव्हता. वारकरी संतांनी पंढरीस माहेर म्हटले आहे, आणि म्हणताना स्वतःस सासुरवाशिणीच्या जागी कल्पिले आहे. घरदार चालविणारा, संसारात असलेला पुरुष माहेराची ओढ स्वतःच्या तोंडाने सांगतो, हे मराठी काव्यात सात शतके चालत आले आहे. वारीचे रूपही पाहावे : ठरलेल्या दिवशी येणे, थोडे दिवस राहणे, परत जाणे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येणे. वारकरी पंढरपुरास स्थायिक होत नाही म्हणून त्याच्या भक्तीस कोणी उणे म्हणत नाही. येत राहणे यातच तिची पूर्तता आहे.

आधुनिक लेखकांपैकी गौरी देशपांडे यांचा येथे उल्लेख केला पाहिजे. त्यांच्या अनेक नायिका परदेशी वावरतात आणि मायदेशाशी असलेल्या त्यांच्या नात्याचा विचार अपराधाच्या भाषेत होत नाही. त्या जातात, येतात, पुन्हा जातात; घर कोठे आहे हा प्रश्न त्यांच्यापुढे असतो, पण तो खटला म्हणून नसतो. हे एका स्त्रीलेखिकेस साधले, यात योगायोगाचा भाग कमी असावा. घर सोडणे हा तिच्या परंपरेत नवा आघात नाही.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की मुलगी गेली तरी घरात सून येते; मुलगा गेला की घर रिकामे होते. म्हातारपणी हात धरावयास कोणी राहत नाही. नाना-नानींचे दुःख हे माहेरपणाच्या उपमेने विझणारे नाही. हे खरे आहे. पण मग त्या दुःखाचे नेमके कारण मुलाचे जाणे नसून वृद्धांच्या सांभाळाचा सारा भार केवळ मुलावर टाकणारी आपली कुटुंबव्यवस्था आहे, असे म्हणावे लागेल. केज तालुक्यात डिसेंबरात कोणत्याही ऊसतोडीच्या वस्तीवर जावे : म्हातारी माणसे आणि शाळेची मुले मागे राहिलेली दिसतात. तेथील आजी-आजोबाही वाट पाहतात, आणि त्यांच्या मुलांस कोणी कृतघ्न म्हणत नाही, कारण ती पोटासाठी गेली आहेत हे उघड दिसते. तेव्हा वाट पाहणे हे परदेशाचे वैशिष्ट्य नव्हे.

दुसरा आक्षेप असा की माहेरपणाचे चित्र आपण गोड करून मांडीत आहोत. ओव्या तसे करीत नाहीत. माहेर हे आईबाप असेतोवरच, त्यानंतर भावजयीचे राज्य आणि ओळखीच्या उंबऱ्यावरचे परकेपण, हे त्या पुनःपुन्हा सांगतात. बहिणाबाई चौधरी यांनी तर माहेरची ओढ आणि सासरी नांदणे यांचा संबंध असा लावला आहे की आई सासरी राहते म्हणूनच लेकीस माहेर लाभते. म्हणजे कोणाचे तरी जाणे आणि कोणाचे तरी राहणे यांवर माहेर उभे असते, आणि ते कायमचे नसते. परंपरेत ओढीबरोबर शेवटाचेही ज्ञान आहे. म्हणूनच परदेशस्थाच्या घरभेटीस ही परंपरा उपयोगी पडेल असे वाटते.

पूर्वी निळ्या हवाईपत्राने बातमी जाई. पुढे ट्रंक कॉल नोंदवून दोन मिनिटे ओरडून बोलावे लागे. आज आई रोज रात्री मोबाईलच्या पडद्यावर नातवंडांस पाहते. खुशाली कळण्यासाठी येण्याची आता गरज उरलेली नाही. तरीही माणसे येतात. विमानाचे भाडे, रजेचे हिशेब आणि मुलांची कुरकुर सोसून येतात. याचा अर्थ घरभेटीचे प्रयोजन बातमीत नव्हतेच. ते कशात आहे याचा शोध घेणे हे साहित्याचे काम आहे आणि त्याची साधने गोळा करणे हे आपल्यासारख्यांचे. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरी असे कोणी ना कोणी येत असेल. त्यांनी पुढील सुट्टीत वही जवळ ठेवून ‘आपण’, ‘आम्ही’, ‘घरी’, ‘इकडे’, ‘तिकडे’ यांची वाक्ये बोलणाऱ्याच्या संमतीने टिपून आणावीत. आणि त्याच घरातील आजीस जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्याही उतरून घ्याव्यात. दोन्ही नोंदी एकाच वहीत असाव्यात, एवढाच आग्रह आहे.

लेखकाच्या आईचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. ती गेल्यावर भाऊ केजला येईल काय, आणि आला तर कोणाकडे येईल, हा प्रश्न आमच्या घरात कोणी उच्चारीत नाही. त्याचे उत्तर बहुधा प्रस्तुत लेखकाच्या आणि त्याच्या पत्नीच्या वागण्यावर अवलंबून राहील. ओव्यांतील भाऊ आणि भावजय ज्या जागी उभे असतात, ती जागा आता आमची आहे. या खेपेस निघताना भावाने आईच्या पायांवर डोके ठेवले आणि ‘येतो’ म्हटले. आई म्हणाली, ‘ये.’ मग तो लेखकाकडे वळला आणि तेच म्हणाला. ते ऐकून घेण्याची जबाबदारी आता कोणाची होणार आहे, हे लेखकास त्या वेळी समजले.